सड्याला पडीक म्हणू नका

रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यात घाटी चढून वर गेलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. मे महिन्यात बघाल तर नुसता काळा तापलेला कातळ, करपलेलं गवत, मध्येच एखादी करवंदाची जाळी, बास. कागदोपत्री अशी जमीन खडकाळ, पडीक म्हणून लागते आणि एकदा तो शिक्का बसला की प्लॉटिंग, चिरेखाण, कारखाना, काय वाट्टेल ते तिकडे ढकलायला कुणाला काही वाटत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आधी पाण्याचं बघा. जांभा मूळचा सह्याद्रीचाच काळा दगड, लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्यातली सिलिका धुपून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो लाल आणि भोकाभोकांचा. वरचा थर उघड्यावर कडक झालाय पण भेगा आहेतच, आणि रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातलं बरंच पाणी या भेगांतून खाली मुरतं, खाली शेडी नावाची चिकट माती लागली की अडतं कारण शेडी पाणी सहज सोडत नाही, मग आडवं सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. खालच्या वाडीतल्या विहिरी आणि पोफळीच्या बागा या पाण्यावर जगतात. वर काँक्रीट ओतलं की पाणी मुरायची जागाच गेली ना!

आणि जून लागला की हाच कातळ ओळखू येत नाही. दोन बोटं मातीत दिपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात, कोकण-गोव्याच्या या कातळपट्ट्याबाहेर ही दिपकाडी जवळपास नाहीच. मग पाणथळ जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी फुलं. वाकून बघितलं तर नाजूक दिसतात पण ही वनस्पती मांसाहारी आहे. इथल्या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून तिने दुसरी सोय केलीय, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, पिशवीतलं पाणी बाहेर टाकून ती आतून आवळलेली राहते, तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि पापणी लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो!

सुट्या दगडांखालीही बिऱ्हाडं आहेत. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल फक्त याच भागातल्या सड्यांवर सापडते, 1963 मध्ये शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद केली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून. ती दिवसा दगडाखाली असते. आपण आंब्याची कलमं लावायला कातळ फोडतो, दगड वेचून गडगे घालतो, बाहेरून माती आणून भरतो, म्हणजे तिचं घरच उचलून नेतो. कलमांवर लोकांची पोटं आहेत, त्यामुळे बागायतदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, पण बागेच्या मधे थोडा सडा दगडांसकट तसाच ठेवला तरी खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली जुनी चित्रं, तर आता सगळ्यांना माहीत झालीत. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटरचा, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, काही ठिकाणी तर गेंडाही आहे जो आज कोकणात कुठेच नाही. 2022 मध्ये बारसू, उक्षी, देवाचे गोठणे वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली, बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा प्रस्ताव आला तोही त्याच काळात. चित्राभोवती कुंपण घातलं आणि बाकी सडा फोडला तर त्याला जतन म्हणायचं का?

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावाला जैवविविधतेची समिती आणि तिथल्या जीवांची नोंदवही दोन्ही दिलंय. आंबोलीत एका छोट्या माशासाठी हिरण्यकेशीचा परिसर 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाला, मग सड्यांसाठी का नको? फक्त नोंदी भर पावसात व्हायला हव्यात, जून ते ऑक्टोबर, फुलांच्या फोटोसकट, झरा कुठे फुटतो आणि कधी आटतो तेही लिहून. उन्हाळ्यात पाहणी झाली तर साहेबाला कातळच दिसणार आणि तो पडीकच लिहून जाणार.