काळा काळाच हाय की, मालक!

माझ्या मामांचे सोलापूरच्या पूर्व भागात चार यंत्रमाग आहेत. मागे एकदा जांभळ्या-काळ्या पट्ट्यांच्या चादरींचा अख्खा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. म्हणे काळा पिवळट मारतोय, रंग कच्चा आहे. मामा तडक डाईंगवर. तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यानं हुज्जत घातली नाही. एका लग्नपत्रिकेला मधोमध भोक पाडलं, पत्रिका काळ्या पट्ट्यावर ठेवली आणि म्हणाला, "काळा काळाच हाय की, मालक!" भोकातून दिसणारा पट्टा कोळशासारखा काळा होता. पत्रिका उचलली की पुन्हा पिवळट. (पत्रिका पांढरी होती, त्यामुळे काळा जरा जास्तच काळा दिसला असणार. रंगारी हुशार.)

हेच भांडण दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही झालं होतं. तिथल्या गोब्लँ या सरकारी कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत. 1824 मध्ये मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला आणि तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडाच्या घड्या दाखवताना वापरलेल्या काळ्या लोकरीत दम नाही. शेव्रलनं दुसरीकडची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. कारखान्याच्या रंगात खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता. जांभळा रंग शेजारच्या काळ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची, म्हणजे पिवळसर झाक टाकत होता. ती झाक लोकरीवर नव्हती, बघणाऱ्याच्या डोक्यात होती. 1839 मध्ये त्यानं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

डोळा असं का करतो, हे समजायला सोलापूरच्या उन्हासारखी जागा नाही. मे महिन्यात दुपारी चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात उभे राहा. बाहेर उन्हात काळी चादर वाळत पडली आहे, आत गल्ल्याजवळ पांढऱ्या टॉवेलांची थप्पी आहे. भर उन्हात प्रकाश साधारण 1,00,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो, दुकानात जेमतेम 500. काळी चादर पडलेल्या उजेडातला शेकडा 5 भाग परत फेकते असं धरलं, तर ती 5,000 च्या हिशेबानं प्रकाश पाठवते. पांढरा टॉवेल शेकडा 80 परत फेकूनही 400 वरच थांबतो. म्हणजे तुमच्या डोळ्यात त्या पांढऱ्या टॉवेलापेक्षा काळ्या चादरीकडून बारा पटींनी जास्त उजेड येतोय. तरी तुम्ही एक क्षणही गोंधळत नाही. टॉवेल पांढरा, चादर काळी.

कारण मेंदू उजेड मोजतच नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो. उन्हातली चादर उन्हातल्या फरशीपेक्षा काळपट आहे ना, मग ती काळी. हा हिशेब इतका कामाचा आहे की त्यापायी कधीमधी जांभळ्याशेजारी काळा फसला, तर फसू दे.

तुलनेची सुरुवात डोळ्यातच होते. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू सुमारे दहा लाखच. सगळा माल पाठवणं शक्य नाही, म्हणून मुख्यतः फरक पाठवले जातात. एक पेशी जोरात पेटली की ती शेजारणींना दाबते, त्यामुळे कडा उठून दिसतात. हे अमेरिकी शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री खेकड्याच्या डोळ्यावर दाखवलं आणि त्यांना 1967 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. (नाव खेकड्याचं, पण त्याचं नातं कोळी-विंचवांशी.)

एवढ्यावर सगळं सुटलं असतं तर बरं होतं. पण पट्टे बारीक केले की गंमत उलटते. रुंद पट्ट्यांत रंग एकमेकांपासून दूर पळतात. तेच एकेका तारेचे, म्हणजे धाग्याचे, केले की ते एकमेकांकडे सरकतात. लाल जमिनीत (म्हणजे मूळ कापडात) काळ्या तारा टाका, लाल गडद होतो. त्याच जमिनीत पांढऱ्या टाका, तोच लाल फिका आणि उजळ. जर्मनीच्या विल्हेल्म फॉन बेझोल्डनं 1874 मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून शास्त्रात हा परिणाम त्याच्या नावानं ओळखला जातो. काही अंशी तारा इतक्या बारीक असतात की डोळा त्यांची सरासरी काढतो. पण तारा सुट्या दिसत असतानाही रंग सरकतो. तेव्हा कोणती रेघ कुणाच्या गटात बसवायची, हा मेंदूचा निवाडाही त्यात असला पाहिजे.

उन्हाळ्यात हैदराबाद रोडवर दूर पाणी चमकताना दिसतं, त्याला मात्र यात ओढू नका. तिथे मेंदू निर्दोष आहे. तापलेल्या हवेत प्रकाश खरोखरच वाकतो, मोबाइलनं फोटो काढलात तर त्यातही ते पाणी येतं. जांभळ्याशेजारचा पिवळटपणा कॅमेरा टिपत नाही. फोटोत तो दिसलाच, तर फोटो बघणाराही तुम्हीच आहात.

मामांनी शेवटी रंग बदलला नाही. जांभळा आणि काळा यांच्यामध्ये चार तारांची पांढरी रेघ घातली. सूत तेच, रंगारी तोच. गिऱ्हाइकानं नवा लॉट हातात घेऊन सांगितलं, "बघा, चांगला रंग वापरला की फरक पडतो." मामांनी मान डोलावली आणि बिल पुढे केलं.