थेंबाथेंबाने साचणारा प्रकाश

मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे ओळखता आले, की त्यांच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर एक धूसर ठिपका दिसतो. लहान दुर्बीण लावली तर त्या ठिपक्याचा करडा ढग होतो, पण रंग म्हणावा असा काही दिसत नाही. त्याच दुर्बिणीला कॅमेरा जोडून दोन मिनिटे प्रकाश आत येऊ दिला, की ढगाला गुलाबी झालरी फुटतात आणि त्याच्या कडा डोळ्याला दिसल्या होत्या त्याहून कितीतरी दूरवर पसरलेल्या आढळतात. हा मृगातील तेजोमेघ, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीचा ढग. दुर्बीण तीच आणि तेजोमेघही तोच असताना हा फरक पडतो, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. अंधाराला सरावलेली बाहुली फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, दृष्टिपटल सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आलेल्या प्रकाशाचाच हिशेब ठेवते आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाही. कॅमेऱ्याचा संवेदक मात्र थेंबे थेंबे तळे साचावे तसा प्रकाश जमा करत राहतो.

ही गोष्ट छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच लक्षात आली होती. हेन्री ड्रेपर यांनी सप्टेंबर १८८० मध्ये याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांनी छायाचित्रणाची काच ५१ मिनिटे प्रकाशासमोर उघडी ठेवली होती. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन या इंग्लिश अभियंत्याने घेतलेल्या छायाचित्रात असे तारे उमटले, जे मोठ्या दुर्बिणीतूनही डोळ्यांना दिसत नव्हते. कॉमन हौशी होते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. या क्षेत्रात हौशी माणूस पहिल्यापासून आघाडीवर राहिला आहे.

प्रकाश साठवायचा म्हटले की पहिली अडचण पृथ्वीची. ती २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकताना दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल, तर ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून येतील तितकेच सेकंद एक्स्पोजर द्यावे, असा एक जुना ठोकताळा आहे. २४ मिमीच्या भिंगाला तो सुमारे २० सेकंद देतो, तर २०० मिमीच्या भिंगाला जेमतेम अडीच सेकंद. माझ्या मते हा ठोकताळा आजच्या कॅमेऱ्यांसाठी फारच उदार आहे. संवेदकावरील एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर २०० मिमीच्या भिंगामागे तो आकाशाचा सुमारे ४ विकलांचा तुकडा व्यापतो, म्हणजे तारा सेकंदाला जवळजवळ चार पिक्सेल ओलांडतो आणि अडीच सेकंदांत त्याची स्पष्ट रेघ होते. यावर खरा उपाय म्हणजे ध्रुवाच्या दिशेने आस रोखून, पृथ्वीच्या उलट दिशेने आणि तिच्याच गतीने फिरणारा ट्रॅकर.

तारा जागेवर स्थिर झाला, तरी दुसरी अडचण उरतेच, आणि तीच या छंदाचे मर्म आहे. अंधुक वस्तूकडून येणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर प्रत्यक्ष संख्या कधी ९०, कधी ११० असते; हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. १०० फोटॉनांत तो १० टक्के असतो, १०,००० फोटॉनांत तो १ टक्क्यावर येतो. हाच चढउतार छायाचित्रात कणीदार गोंगाट म्हणून दिसतो आणि प्रकाश अधिक गोळा करण्याखेरीज त्यावर इलाज नाही. म्हणून आकाशाच्या एकाच भागाच्या शेकडो फ्रेम, म्हणजे सुटी छायाचित्रे, घेतात, संगणकावर तारे ताऱ्यांवर बसवतात आणि प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात. १६ फ्रेमची सरासरी एका फ्रेमपेक्षा चौपट नितळ असते. त्याहून दुप्पट नितळ हवी असेल, तर मात्र ६४ फ्रेम लागतात. ही वर्गमुळाची चाल निर्दय आहे. एका रात्रीत समाधानकारक दिसणारे चित्र लक्षणीयरीत्या सुधारण्यासाठी आणखी तीन रात्री खर्ची पडतात, त्या याच कारणाने.

शहरातील उजेड नेमका कशाने नडतो, हेही यातूनच समजते. दिव्यांनी उजळलेल्या आकाशाची पार्श्वभूमी संगणकावर वजा करता येते, त्यामुळे उजेडाचा प्रश्न सुटला असे वाटू शकते. परंतु वजा होते ती पार्श्वभूमीची सरासरी. तिच्या फोटॉनांचा चढउतार चित्रातच राहतो. आकाश २५ पट उजळ असेल, तर अंधाऱ्या जागी एका तासात जे साधते, त्यासाठी सुमारे २५ तास लागतात. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासारखा अरुंद पट्टाच आत सोडणारे फिल्टर तेजोमेघांच्या बाबतीत हा तोटा बराच भरून काढतात. दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, प्रकाश बहुतांशी ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला असल्यामुळे तेथे त्यांचा उपयोग फारसा होत नाही.

चंद्र आणि ग्रहांचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. पूर्ण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. त्याला दिवसाउजेडी लागते तितकेच, म्हणजे सेकंदाच्या शतांशाच्या आसपास एक्स्पोजर पुरते. नवख्यांच्या छायाचित्रांत चंद्राच्या जागी पांढरी थाळी दिसते, कारण आजूबाजूच्या काळोखाला फसून कॅमेरा जास्त प्रकाश घेतो. चंद्रग्रहणात मात्र तोच चंद्र हजारो पटींनी मंदावतो आणि खग्रास अवस्थेत काही सेकंदांचे एक्स्पोजरही लागू शकते. ग्रहांना प्रकाशाची वाण नसते, त्यांचा शत्रू वातावरण. हवेच्या थरथरीने गुरूवरील पट्टे सतत डहुळतात, म्हणून त्याची चलचित्रफीत घेऊन हजारो फ्रेममधून स्थिर क्षणांच्या तेवढ्या निवडतात आणि त्यांचीच सरासरी काढतात. येथेही वेळेचे बंधन आहेच: गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरत असल्याने काही मिनिटांतच त्याचे पट्टे सरकून पुसट होऊ लागतात.

सूर्याबाबत एकच गोष्ट सांगतो, पण ती टाळता येणारी नाही. सुमारे एक लक्षांश प्रकाशच आत सोडणारा फिल्टर भिंगाच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूला असला पाहिजे. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला लावलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो, आणि त्यामागे डोळा असेल तर तो कायमचा जातो. खग्रास ग्रहणात सूर्यबिंब पूर्ण झाकले गेल्यानंतरच पुढचा फिल्टर काढायचा आणि पहिला किरण डोकावण्याआधी परत लावायचा असतो.

स्टॅकिंगचा आणखी एक गुण वरवर पाहता निव्वळ सोयीचा वाटतो. सरासरी काढताना संगणक प्रत्येक पिक्सेलच्या सर्व फ्रेममधील किमती पडताळतो आणि एखादीच किंमत फटकून असेल, तर ती टाकून देतो. उपग्रहाची रेघ, विमानाचे दिवे, संवेदकाला लागलेला वैश्विक किरण, सगळे असे गळून पडते आणि जे स्थिर असते तेच टिकते. स्थिर पण अतिमंद वस्तू शोधण्यासाठी ही पद्धत विलक्षण ठरते. २०२२ मध्ये यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर या हौशी मंडळींना देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची, दीड अंश लांबीची कमान सापडली. तीन पूर्णचंद्र एका रांगेत मावावेत इतकी ती लांब आहे, आकाशातल्या सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या दीर्घिकेला जवळजवळ खेटून आहे, आणि तरीही तोवर कोणाच्याच नजरेस पडली नव्हती. दुर्बीण होती सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची.

पण संगणक जे फटकून असलेले म्हणून टाकतो, त्यात कधीकधी खरी बातमी असते. अर्जेंटिनातील रोसारियो शहरात व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. त्यांनी एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या २०-२० सेकंदांच्या फ्रेम ओळीने घेतल्या. सुरुवातीच्या फ्रेममध्ये दीर्घिकेच्या एका भुजेजवळ काहीही नव्हते; नंतरच्या फ्रेममध्ये तेथे एक ठिपका आला आणि मिनिटागणिक उजळत गेला. तो एका ताऱ्याचा स्फोट होता. स्फोटाची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर पडतानाचा हा क्षण दृश्य प्रकाशात इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी टिपला नव्हता, आणि २०१८ मध्ये त्यावरील शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ताऱ्याच्या उजळण्याचा वेग मोजला, तो त्या सुट्या, कणीदार आणि दिसायला अगदी सामान्य फ्रेमवरून. त्यांची सरासरी काढून मूळ फायली पुसल्या असत्या, तर दीर्घिकेचे एक देखणे चित्र हाती राहिले असते आणि तो ठिपका केव्हा उगवला, हे कधीच कळले नसते.