फिजीच्या माडांवरचा भुंगेरा आणि मोडलेली साखळी

माडाची कीड म्हटली की आपल्याकडे गेंड्या भुंगा आठवतो. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर मात्र माडांची दैना केली ती प्रोमेकोथेका नावाच्या एका छोट्या पर्णभुंगेऱ्याने. पूर्ण वाढलेला भुंगेरा पान खालून खरवडतो. अळीचा मुक्काम पानाच्या आतच: वरचा आणि खालचा पापुद्रा शाबूत ठेवून ती मधला हिरवा गर खाते. तेवढा भाग वाळून तपकिरी पडतो. किडीचा जोर वाढला की झावळ्या करपल्यासारख्या दिसतात, नारळ कमी धरतो. सुक्या खोबऱ्यावर पोट असलेल्या बेटांना हा घाव मोठा होता.

खरं तर हा भुंगेरा तिथे एरवी आटोक्यात असे. त्याच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर जगणारे परोपजीवी कीटक फिजीत होतेच. घडी विस्कटली ती एका कोळ्यामुळे. हा जाळं विणणारा कोळी नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो. त्याची मादी भक्ष्याला चिकटते आणि तिचं पोट मण्यासारखं गोल फुगतं. पिल्लं आतच पूर्ण वाढून बाहेर पडतात. कोरड्या हंगामात हे कोळी इतके माजत, की अळ्या आणि कोष सरसकट मरत. उरत ती फक्त अंडी आणि मोठे भुंगेरे.

वरवर पाहता ही चांगलीच बातमी वाटेल. पण त्यामुळे भुंगेऱ्याच्या सगळ्या पिढ्या एकाच ठेक्यात आल्या. आज सगळ्या अळ्या, मग सगळे कोष, मग सगळे भुंगेरे. परोपजीवींचं आयुष्य तोकडं. त्यांना हवी ती अवस्था पुन्हा येईपर्यंत ते मरून जात. पावसात कोळीही ओसरले, की भुंगेऱ्याला रान मोकळं.

कीटकशास्त्रज्ञ टी. एच. सी. टेलर यांनी हे कोडं उलगडलं. 1925 साली फिजीत माडावरच्या लेव्हुआना पतंगाचा बंदोबस्त मलायातून आणलेल्या माशीने झाला होता. त्या कामातही ते होते. या वेळी कसा कीटक हवा, हे त्यांनी आधी ठरवलं: अळी आणि कोष दोन्हींवर वाढणारा, एका अवस्थेवर अडून न बसणारा. तशी चिमुकली गांधीलमाशी जावात सापडली. तिचं आजचं नाव पेडिओबियस पार्व्युलस. 1933 साली ती फिजीत सोडली आणि थोड्याच काळात भुंगेरा आवाक्यात आला. टेलर यांनी ही सगळी हकिकत 1937 साली ग्रंथरूपात मांडली.