शिरातानी की याकुसुगी लँड?

जपानमधल्या याकुशिमा बेटावर जायचं ठरवलेल्या कितीतरी जणांच्या यादीत ‘याकुसुगी लँड’ या जंगलाच्या नावावर आधीच काट मारलेली असते. दोष नावाचा. ‘लँड’ म्हटलं की आकाशपाळणा आणि पॉपकॉर्नची गाडी डोळ्यांपुढे येते. मग सगळे धावतात शिरातानी उन्सुइक्यो या दुसऱ्या जंगलाकडे, कारण शेवाळाने मढलेल्या दगडांचे फोटो तिथले असतात. उलटा घोटाळाही होतो. ‘हजारो वर्षांची झाडं बघायची तर लँडला जा’ असं कुणीतरी सांगतं आणि माणूस तिथं जाऊन जोमोन सुगी हा बेटावरचा प्रसिद्ध प्राचीन वृक्ष शोधत बसतो (सुगी म्हणजे जपानी देवदार). तो वृक्ष तिथं नाही. शिरातानीतही नाही.

आधी बेटाचा अंदाज घेऊ. क्यूशूच्या दक्षिण टोकापासून साधारण 60 किलोमीटरवर, कागोशिमा प्रांतात हे जवळजवळ गोल बेट आहे. घेर सुमारे 130 किलोमीटर, आणि मधोमध 1,936 मीटरचं मियानोउरा शिखर, म्हणजे क्यूशूतल्या कुठल्याही डोंगरापेक्षा उंच. समुद्रावरचे दमट वारे या भिंतीला अडतात, वर चढतात आणि तिथंच रिकामे होतात. किनाऱ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, डोंगरात आठ ते दहा हजार. आंबोलीचे सात हजारांच्या आसपास म्हटले तरी आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथं तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. ‘महिन्यातले पस्तीस दिवस पाऊस’ ही या बेटाची जुनी ओळख. त्यामुळे कोरडा महिना शोधण्यात अर्थ नाही. जून तेवढा टाळा.

आता ही दोन ठिकाणं. दोन्ही सरकारी वनात, दोन्हीकडे प्रवेशाला 500 येन, दोन्हीकडे तासाभरापासून अर्ध्या दिवसापर्यंतच्या आखलेल्या वाटा. कागदावर जुळी भावंडंच. प्रत्यक्षात एक जंगल पाण्याचं आहे आणि दुसरं झाडांचं.

शिरातानी म्हणजे पांढरी दरी, आणि उन्सुइक्यो म्हणजे ढग-पाण्याची घळ. नाव अगदी चपखल. मियानोउरा बंदरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही 600 मीटर उंचीवर पोचता आणि पहिल्या पावलापासून पाण्याचा आवाज सोबत येतो. ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांच्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, त्यांच्यातून वर आलेली मुळं. बेटावर शेवाळाच्या सुमारे सहाशे जाती आहेत. एका गाजलेल्या जपानी अ‍ॅनिमेशनपटातल्या जंगलाला इथल्या रानाने प्रेरणा दिली, त्यामुळे त्या टप्प्यावर गर्दी असते. मधली काही वाट एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक), लाकूडतोड्यांसाठी दगड बसवून केलेली. तिच्यावरून पुढे चढत गेलं की 979 मीटरवरची त्सुजी खिंड आणि तिच्या डोक्यावर ताइकोइवा हा उघडा कातळ लागतो. जाऊन येऊन चार तास धरा. ढग फाटले तर आतल्या शिखरांची रांग दिसते, नाहीतर पांढरा पडदा. लोहगडावर पावसाळ्यात गेलेल्यांना हे नवं नाही.

आणि इथं मोठं झाड बघायचंच म्हणून जात असाल तर थांबा. प्रवेशद्वाराजवळच्या वाटेवरचा यायोइसुगी, ज्याचं वय तीन हजार वर्षं मानलं जायचं, 2024 च्या ऑगस्टअखेरच्या वादळात मोडून पडला. जुनी प्रवासवर्णनं अजून त्याला उभाच दाखवतात.

याकुसुगी लँड बेटाच्या पूर्वेला, आन्बो गावाच्या वर, 1,000 ते 1,300 मीटर उंचीवर. किनाऱ्यावर घाम फुटत असला तरी इथं स्वेटर लागतो, आणि हिवाळ्यात बर्फाने रस्ता अडतो. सुरुवातीच्या छोट्या वाटांवर लाकडी फळ्या घातल्या आहेत. गुडघे कुरकुरणारे आईवडील बरोबर असले तरी हजार वर्षांच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचता येतं. लांबच्या वाटा मात्र खऱ्याखुऱ्या रानवाटा आहेत, मुळांवरून चढउतार करायला लावणाऱ्या.

‘याकुसुगी’ या शब्दाचाही घोळ आहे. बेटावरचा प्रत्येक सुगी वृक्ष याकुसुगी नव्हे. हजार वर्षं ओलांडली तरच हा मान. त्याहून लहान तो कोसुगी, आणि लागवडीचा तो जिसुगी. आठशे वर्षांच्या झाडाला ‘लहान सुगी’ म्हणणारं हे बेट. ग्रॅनाइटवर माती पातळ, पोषण तुटपुंजं, म्हणून झाड फार हळू वाढतं, वर्तुळं दाट पडतात आणि लाकडात राळ साठते. राळेमुळे ते कुजत नाही. इथं राज्य करणाऱ्या सात्सुमा संस्थानाच्या काळात हीच झाडं तोडून छपराच्या पातळ फळ्या काढत आणि सारा म्हणून भरत. त्याआधी मोठ्या झाडांना देवाची मानून कुणी हात लावत नसे, आपल्या देवराईसारखं. बेटावरचे विद्वान भिक्षू तोमारी जोचिकू यांनी तोड मान्य करवली, असं सांगतात: रात्री झाडाला कुऱ्हाड टेकवून ठेवायची, सकाळी ती तशीच उभी असली तर देवाची परवानगी.

फळ्या सरळ चिरायला सरळ खोड हवं. म्हणून वाकडी, गाठाळ, पोकळ झाडं सोडून दिली गेली. लँडमध्ये आज ज्यांच्यापुढे आपण मान मागे टाकून उभे राहतो ते बुद्दासुगीसारखे वृक्ष म्हणजे त्या काळचा नापास माल. काही खोडांवर चाचणीसाठी घातलेले घाव अजून दिसतात, आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे शतकांनंतरही न कुजता पडून आहेत, त्यांच्यावर नवी झाडं उगवली आहेत. मला विचाराल तर याकुशिमाची गोष्ट शिरातानीपेक्षा इथं नीट कळते. शिरातानी डोळ्यांना जास्त सुंदर, हेही खरं.

जोमोन सुगीचा गोंधळ नकाशामुळे होतो. लँडला आणि त्या वृक्षाच्या अराकावा पायथ्याला जाणारा रस्ता आन्बोहून एकच निघतो, वर जाऊन फुटतो. पण जोमोन सुगी म्हणजे जाऊन येऊन 22 किलोमीटर, दहा तास, त्यातला मोठा भाग पूर्वी लाकूड वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून. मार्च ते नोव्हेंबर खासगी गाडीही पायथ्यापर्यंत सोडत नाहीत. त्याला स्वतंत्र दिवस द्या, पहाटे उठायची तयारी असेल तरच.

निवड करताना सगळ्यात आधी पाऊस बघा. शिरातानीतले काही ओढे साकवाशिवाय, दगडांवरून ओलांडायचे आहेत. मुसळधार झाली की पाणी चढतं आणि त्या वाटा बंद होतात. रिपरिप असेल तर मात्र शेवाळ पाणी पिऊन असं काही पेटतं की कोरड्या दिवशी आलेल्यांची कीव येते. लँडच्या फळ्यांच्या वाटांचं पावसाने कमी अडतं. दोन्हीकडे छत्री खोलीवरच ठेवा, पँटसकट दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. ओल्या ग्रॅनाइटवर दोन्ही हात मोकळे लागतात.

मग बंदर बघा. कागोशिमाहून येणारी जलद बोट दोन तासांत पोचते, पण कधी मियानोउराला लागते, कधी आन्बोला. मियानोउरात मुक्काम असेल तर शिरातानीची बस सोयीची. लँडला दिवसात मोजक्याच बस जातात, एक हुकली की दिवस गेला. तिथं भाड्याची गाडी परवडते. आणि गाडी असलीच तर लँडवरून परत फिरू नका. त्याच रस्त्याने सहा किलोमीटर पुढे किगेनसुगी आहे, अंदाजे तीन हजार वर्षांचा, रस्त्याला लागूनच. खिडकीची काच खाली केली तरी दिसतो.