सिंगापूरमध्ये पोरांना आर्मीत का जावं लागतं, त्यामागची गोष्ट

सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे मुलाला साडेसोळाव्या वर्षी नॅशनल सर्व्हिसचं पत्र आलं तेव्हा नाशिकहून आजीचा पहिला प्रश्न होता, 'काय गं, तिकडे लढाई लागलीये का?' लढाई वगैरे काही नाही, पण तिथला नियमच असा की आईबापांच्या जोरावर ज्या पोरांना पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळतो त्यांना दोन वर्षं वर्दी घालावी लागते, आईबाप मात्र सुटतात.

ही सक्ती आली कुठून हे बघायला ९ ऑगस्ट १९६५ला जावं लागतं. मलेशियातून बाहेर पडल्यावर या एवढ्याशा बेटाकडे होत्या फक्त दोन इन्फन्ट्री रेजिमेंट, म्हणजे हजारेक शिपाई आणि पन्नासेक ऑफिसर, आणि त्यातलेही बरेच जण मूळचे सिंगापूरचे नव्हतेच. हाल किती, तर १९६६च्या फेब्रुवारीत यांची एक बटालियन बोर्निओ बेटावरच्या साबाहची ड्युटी संपवून घरी परतली तर तिच्या कॅम्पमध्ये मलेशियाची पलटण ठाण मांडून बसलेली, हलायला तयार नाही! शेवटी स्वतःच्याच देशात या जवानांनी फेरर पार्कच्या मैदानावर तंबू ठोकले. आज सेरंगून रोडला खरेदीला जाणाऱ्या आपल्या लोकांना ते मैदान अगदी जवळ आहे.

मदत आधी मागितली ती भारत आणि इजिप्तकडे. पंतप्रधान ली कुआन यू यांनी लालबहादूर शास्त्रींना पत्र लिहिलं की पाच बटालियन उभ्या करायला माणूस द्या. उत्तर आलं, शुभेच्छाही आल्या, पण सैन्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचंही तेच. मग आले इस्रायली, तेही गुपचूप, कारण आजूबाजूला मुस्लिम देश, म्हणून त्यांना म्हणायचं काय तर 'मेक्सिकन'. (कोण फसलं असेल देव जाणे.)

पगारी फौज ठेवायला पैसा नव्हता, म्हणून संरक्षणमंत्री गोह केंग स्वी यांनी मार्च १९६७मध्ये सक्तीचा कायदा आणला. पण खरी पंचाईत घराघरात होती. चिनी लोकांत म्हणच आहे की चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या घरचा पोरगा शिपाई होत नाही. त्यात १९५४मध्ये ब्रिटिशांनी हीच सक्ती करून बघितली तेव्हा चिनी शाळांतली मुलं रस्त्यावर उतरली होती, पोलिसांशी मारामारी झाली होती. म्हणून या वेळी सरकार जपून होतं. १९४९च्या पहिल्या सहामाहीत जन्मलेल्या साधारण ९,००० मुलांची नोंदणी झाली, फुल टाइम घेतले फक्त ९००च्या आसपास, आणि त्यांना कम्युनिटी सेंटरमध्ये निरोपाची जेवणं देऊन, मंत्र्यांना हजर ठेवून, अगदी लग्नाला पाठवल्यासारखं पाठवलं. एक गोष्ट मात्र सरकारी कौतुकात सहसा येत नाही, ती म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं मलय मुलांना फारसं बोलावलंच नाही, शेजारच्या मलय-मुस्लिम देशांशी वाजलं तर ही पोरं कुणाच्या बाजूने, हा मनात संशय. माझ्या मते त्या समाजाच्या मनातली ती सल अजून पूर्ण गेलेली नाही.

गंमत म्हणजे परेडच्या ऑर्डर आजही मलय भाषेतच. सावधानला 'सेडिया', विश्रामला 'सेनांग दिरी'. आणि शाळा अर्धवट सोडलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या चिनी पोरांच्या वेगळ्या पलटणी असायच्या, त्यांना होक्कियन या चिनी बोलीत शिकवायचं.

आता बेसिक ट्रेनिंग होतं पुलाऊ टेकाँग बेटावर, तिथली गावं उठवून आर्मीला जागा दिली. पहिल्या दिवशी आईबाप बोटीने सोबत जातात, पोराची खाट बघतात, मेसमध्ये जेवतात, मग बोट त्यांना घेऊन परत आणि पोरगा टक्कल करायच्या रांगेत. पहिले दोनेक आठवडे घरी सोडत नाहीत. शेवटी २४ किलोमीटरचा मार्च. एकेकाळी कॅम्पमध्ये कॅमेऱ्याचा फोन बंद होता म्हणून दुकानदार कॅमेरा काढलेले स्मार्टफोन विकायचे, धंदाच होता तो! बड्या बापांच्या मुलांना पोरं 'व्हाइट हॉर्स' म्हणायची, सरकार नाही नाही म्हणत राहिलं आणि २००३मध्ये पार्लमेंटमध्ये कबूल केलं की तशी नोंद खरंच व्हायची, पण म्हणे त्यांना झुकतं माप मिळू नये म्हणून लक्ष ठेवायला. दोन वर्षांनी सुटका झाली तरी पुढे वर्षानुवर्षं रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव सैनिक, म्हणून बोलावणं येतच राहतं, ऑफिसची मीटिंग सोडून जा.

आता एवढ्याशा बेटावर लांब पल्ल्याची तोफ डागायची कुठे, गोळा समुद्रात नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात. म्हणून तैवान, ऑस्ट्रेलिया असं फिरत सराव करतात, आणि २००८मध्ये भारताशीही करार झाला. १९६५ला ज्या भारताने पत्राला गोड बोलून बगल दिली तिथेच आता त्यांचे तोफची येतात, तेही कुठे तर आपल्या देवळालीला. मावसभावाला तोफखाना मिळाला तर तो आजीच्या घरापासून गाडीने फार तर तासाभरावर गोळे डागायला येईल, हे आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.