५४० वॅट, पण किती अंशाला?

सोलार पॅनेल उलटं केलं की मागे एक पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर सगळ्यात ठळक आकडा वॅटचा असतो: ५४०, ५५०, ५८०. गच्चीवर सोलार बसवायला निघालेला माणूस किमतीला या आकड्याने भागतो आणि वॅटमागे सगळ्यात स्वस्त पडेल ते पॅनेल उचलतो. हा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला, ते त्याच पट्टीवर बारीक अक्षरांत असतं. दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन, आणि सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकतीचं, तापमान २५ अंश सेल्सिअस. मराठवाड्यात उन्हाची अट तर सहज पुरी होते. पण परभणीत किंवा नांदेडात एप्रिलच्या भर दुपारी २५ अंशांवरची काच कुणाला सापडली, तर आम्हालाही दाखवावी.

पॅनेलवर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज होते. उरलेल्यातलं बहुतेक पॅनेललाच तापवतं. त्यामुळे हवा ४२ अंशांवर असली की आतला सेल ७० अंशांच्या आसपास जातो. सिलिकॉन तापलं की उन्हाने सुटे केलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत जाण्याआधीच आतल्या आत रिकाम्या जागांमध्ये परत पडू लागतात. विद्युतप्रवाह किंचित वाढतो, पण व्होल्टेज त्याहून बरंच जास्त उतरतं आणि एकूण वीज घटते. म्हणून मे महिन्यात ऊन सर्वात कडक असलं तरी वीज त्या प्रमाणात वाढत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र, बेताच्या उन्हातला मीटरवरचा आकडा पाहून लोक चकित होतात.

ही घट किती, ते कंपनीच्या माहितीपत्रकात 'तापमान गुणांक' म्हणून छापलेलं असतं. मागून घ्या, पाहा. त्यावरून सेल कोणत्या पद्धतीने बनवलाय तेही कळतं. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के असेल तर ते मोनो पर्क. ०.३० च्या आसपास असेल तर टॉपकॉन, आणि ०.२५ च्या जवळ असेल तर एचजेटी. जुन्या निळ्या पॉली पॅनेलचा आकडा ०.४० पर्यंत जातो. आता सेल ७० अंशांवर धरा, म्हणजे २५ पेक्षा ४५ अंश जास्त. ५४० वॅटचं पॅनेल पर्क असेल तर ते ४५५ वॅटवर येतं, टॉपकॉन ४६७ वर, एचजेटी ४७९ वर आणि पॉली ४४३ वर. टॉपकॉनमध्ये सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो, तर एचजेटीमध्ये स्फटिकरूप नसलेल्या सिलिकॉनचा पातळ थर. दोन्ही थर पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन वाया जाणं रोखतात, म्हणून उष्णतेत त्यांचा टिकाव जास्त.

यावरून दुकानदार लगेच महागडं पॅनेल पुढे करेल. जरा थांबा. पर्क आणि टॉपकॉनमधला फरक ऐन तापलेल्या दुपारीसुद्धा दोन-अडीच टक्क्यांचा आहे. किंमत जवळपास सारखी असेल तर टॉपकॉनच घ्यावं. त्याचा सेल वेगळ्या जातीच्या सिलिकॉनचा असल्याने पहिल्या वर्षात क्षमतेत होणारी घटही कमी असते. पण एचजेटीसाठी बराच जास्त पैसा मोजायचा असेल, तर माझ्या मते तो पैसा चांगल्या स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल पेलणाऱ्या सांगाड्यावर, घालवलेला बरा. कारण पॅनेलखालून वारा खेळता राहिला की सेल काही अंशांनी थंड राहतो. तापलेल्या पत्र्याला चिकटून बसवलेल्या एचजेटीचा फायदा तो पत्राच खाऊन टाकतो.

वॅट मोठा म्हणजे पॅनेल चांगलं, असंही नाही. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. ५८० वाल्यात तेवढ्याच जागेत जास्त वीज आहे की पॅनेलच लांबरुंद आहे, ते मापं पाहून ठरवा. गच्ची ऐसपैस असेल तर कार्यक्षमतेच्या एखाद्या टक्क्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. ३ किलोवॅटला मोकळी, सावलीविना ३०० चौरस फूट जागा पुरते.

सावलीविना हा शब्द मात्र नीट तपासा, कारण इथलं नुकसान उष्णतेच्या नुकसानीहून मोठं असू शकतं. गच्चीची पाहणी बहुधा उन्हाळ्यात होते. मेच्या मध्याला मराठवाड्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो आणि टाकीची सावली टाकीखालीच मावते. डिसेंबरअखेर मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. दोन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास जवळपास तीन मीटर लांब पडते, ईशान्येकडे सरकत. जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नवा मजला, अंगणातलं कडुलिंबाचं झाड यांचाही हिशेब असाच करा. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावली साऱ्या रांगेचा प्रवाह अडवते. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमागच्या पेटीत तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला तिसरा हिस्सा वगळून बाकीचा प्रवाह पुढे जाऊ देतात. हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल वरच्या आणि खालच्या भागात वेगवेगळे जोडलेलं पॅनेल, लांबी वर-खाली ठेवून बसवलं तर खालच्या कठड्याची सावली पडूनही वरचा अर्धा भाग चालू राहतो. तोंड दक्षिणेला आणि उतार १५ ते २० अंश असावा. पंधरा की एकोणीस, यावरून भांडू नका, फरक नगण्य आहे.

गारांचंही पाहायला हवं. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारतात. त्याहून मोठी गार पडली तर चाचणी पास झालेली काचही फुटू शकते, म्हणून विमा काढताना गारपीट त्यात आहे का, हे विचारावं. धूळ पावसाळाभर आपोआप धुतली जाते. खरी साचते ती ऑक्टोबरात, सोयाबीनची मळणी सुरू झाली की. धुवायचं ते सकाळी लवकर, काच थंड असताना. बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षारांचा पांढरा थर राहतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

माळवदावर हे प्रकरण नको. एका पॅनेलचं वजन २७ ते ३२ किलो, वर लोखंडी सांगाडा, आणि वादळी वारा तो वर उचलायला पाहणार. माती आणि लाकडाच्या त्या छताला हा ताण झेपत नाही. स्लॅबला भोकं पाडताना गळतीचा बंदोबस्त कोण करणार, हे आधीच लिहून घ्या.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या सोलारला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपये. अट अशी की पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले हवेत. नुसतं 'मेड इन इंडिया' पॅनेल चालत नाही, कारण आयात सेल इथे जोडूनही पॅनेल बनतं. बिलावर प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक घ्या.

आणि एक गैरसमज. महावितरणच्या लाइनशी जोडलेलं साधं सोलार लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या गच्चीवरची वीज जाऊ नये, म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःच थांबतो. तुमच्या गावात रोज तासन् तास लाइट जात असेल तर बॅटरीही जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, खर्चही वाढेल. हा निर्णय पॅनेल निवडण्याच्या आधी घ्या, कारण साधा इन्व्हर्टर एकदा बसला की नंतर बॅटरी जोडायची तर बहुतेक वेळा तो बदलावा किंवा त्याच्या जोडीला दुसरा घ्यावा लागतो.