कार्निव्हल क्रूझ लाइन आणि कार्निव्हल कॉर्पोरेशन: नाव एक, अर्थ दोन

मायामीहून निघणारी, लाल-पांढऱ्या-निळ्या धुरांड्यांची जहाजे चालवणारी कार्निव्हल क्रूझ लाइन बहुतेकांना ठाऊक असते. टेड अॅरिसन यांनी 1972 मध्ये ‘मार्डी ग्रा’ या जुन्या जहाजानिशी ती सुरू केली, पहिल्याच फेरीत ते जहाज मायामीजवळ वाळूत रुतले आणि 1974 मध्ये अॅरिसन यांनी कर्जाच्या बोज्यासह ती कंपनी तिच्या तेव्हाच्या मालक कंपनीकडून एका डॉलरला घेतली. नावात ‘लाइन’ की ‘लाइन्स’ हा वाद किरकोळ आहे. घोळ होतो तो कार्निव्हल कॉर्पोरेशनशी, म्हणजे ही लाइन आणि इतर अनेक क्रूझ कंपन्या ज्या समूहाच्या मालकीच्या आहेत त्याच्याशी.

या घोळाचे मूळ इतिहासातच आहे. 1987 मध्ये समभाग विक्रीस काढणारी आणि 1989 मध्ये हॉलंड अमेरिका लाइन विकत घेणारी कंपनी स्वतःच ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स’ म्हणवत होती. 1993 मध्ये या मालक कंपनीने ‘कार्निव्हल कॉर्पोरेशन’ हे नाव घेतले, आणि तेव्हापासून क्रूझ लाइन ही तिच्या अनेक कंपन्यांपैकी एक उरली. पुढे कुनार्ड आणि कॉस्टा या क्रूझ कंपन्या आल्या, आणि 2003 मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस या ब्रिटिश क्रूझ कंपनीशी जोडणी झाली. एकेकाळी मुंबईला टपाल आणणाऱ्या पी अँड ओचा प्रवासी जहाजांचा वारसा असा या समूहात आला. म्हणजे लाइन वाढली ती मुख्यतः नवी जहाजे बांधून (1996 चे ‘कार्निव्हल डेस्टिनी’ हे एक लाख टनांपुढचे पहिले प्रवासी जहाज), तर कॉर्पोरेशन वाढले ते प्रामुख्याने दुसऱ्यांच्या नावाजलेल्या कंपन्या पदरात घेऊन. समूहाच्या सगळ्या जहाजांची बेरीज करून ती एकट्या लाइनच्या नावावर मांडणारे लेख मला म्हणूनच मुळीच मान्य नाहीत.

अपघातांच्या बाबतीत ही गफलत अधिक खटकते. जानेवारी 2012 मध्ये 32 जीव घेणारे ‘कॉस्टा कॉन्कॉर्डिया’ हे इटलीतील कॉस्टाचे जहाज होते. मालकी कॉर्पोरेशनची असली, तरी ते चालवणारी कंपनी कॉस्टा होती. फेब्रुवारी 2013 मध्ये इंजिनघरात आग लागून मेक्सिकोच्या आखातात अडकलेले ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ मात्र खरोखरच क्रूझ लाइनचे. फेब्रुवारी 2020 मध्ये कोविडमुळे योकोहामा येथे रोखून धरलेले ‘डायमंड प्रिन्सेस’, ज्यावर 132 भारतीय कर्मचारी होते, ते समूहातल्याच प्रिन्सेस क्रूझेसचे. अशा बातमीत नुसते ‘कार्निव्हलचे जहाज’ लिहू नये. चालवणारी कंपनी आधी लिहावी, मालक मागून.